कल्हई उडालेले नळ: अमेरिकेत नवीन आलेल्यांनी घरचे पाणी कसे तपासावे

महाराष्ट्रातून अमेरिकेत राहायला आलेल्या घरात पाण्याबाबतच्या तीन सवयी हमखास येतात. पाणी उकळून पिणे, टीडीएस मीटर बुडवून आकडा बघणे आणि जमलेच तर आरओ बसवणे. आपल्याकडे या सवयींना अर्थ आहे, कारण तिथे भीती जंतूंची आणि बोअरच्या खारट पाण्याची असते. इथल्या शहरांत जंतूंचा बंदोबस्त बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रातच झालेला असतो. धोका असतो तो शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या मोठ्या नळापासून तुमच्या स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत. तिथला मुख्य शत्रू शिसे. आणि शिशापुढे उकळणे आणि टीडीएस मीटर या दोन्ही गोष्टी निरुपयोगी आहेत.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्याचा सर्वात लहान आकडा 1 पीपीएम, म्हणजे दशलक्षात एक भाग. शिशाची अमेरिकेतली कारवाईची पातळी 1991 पासून 15 पीपीबी आहे, म्हणजे अब्जात 15 भाग, 0.015 पीपीएम. पाण्यात त्याच्या साठपट शिसे असले तरी मीटरचा आकडा जेमतेम एकाने हलेल. मीटरवर 60 दिसले म्हणून पाणी चांगले ठरत नाही आणि 350 दिसले म्हणून वाईटही ठरत नाही. उकळल्याने तर उलटेच होते. दोन लिटर पाणी आटून दीड लिटर झाले की त्यातले शिसे तेवढेच राहते आणि प्रमाण एक तृतीयांशाने वाढते.

हे शिसे येते कुठून, ते कळायला आपली कल्हई आठवावी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते. आंबट ताक धातू विरघळवते, कल्हई मध्ये असली की विरघळवता येत नाही. जुन्या शिशाच्या नळांतही आतून अशीच एक पातळ पापुद्र्यासारखी थर बसलेली असते. ती टिकावी म्हणून बरीच शुद्धीकरण केंद्रे पाण्यात ऑर्थोफॉस्फेट सोडतात. पाण्याचा स्रोत बदलला, आम्लता बदलली, निर्जंतुकीकरणाचे रसायन बदलले किंवा फॉस्फेट थांबले की ही कल्हई उडते. फरक एवढाच की कळकलेले ताक जिभेला लगेच कळते, शिशाच्या पाण्याला चवही नसते, वासही नसतो, रंगही नसतो.

मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात हेच घडले. एप्रिल 2014 मध्ये शहराने डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले, आणि त्यात गंजरोधक रसायन घातलेच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या मोटार कारखान्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून हे पाणी नाकारले. घरांत मात्र माणसे ते ऑक्टोबर 2015 पर्यंत पीत राहिली. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात पाण्याचा स्रोत बदललाच नव्हता, पण पेक्वानॉक शुद्धीकरण केंद्रातले सिलिकेटचे गंजरोधक रसायन काम करेनासे झाले. 2019 मध्ये तिथे रसायन बदलावे लागले, ऑगस्टमध्ये बाटलीबंद पाणी वाटावे लागले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 23,000 शिशाचे नळ उखडून तांब्याचे टाकावे लागले. न्यू जर्सीत मराठी वस्ती भरपूर आहे, म्हणून हे उदाहरण आपल्या दाराशीच आहे.

पहिले काम: पाणी कोणाचे ते शोधा

घर भाड्याचे असो की विकत, आधी पाण्याचे बिल कोणाच्या नावाने येते ते बघा. बिल घरमालक भरत असेल तर त्याला विचारा. बिलच येत नसेल आणि अंगणात जमिनीतून वर आलेला झाकणाचा पाइप दिसत असेल, तर घर स्वतःच्या बोअरवर आहे. त्याचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील.

सार्वजनिक पाणी असेल तर पुरवठादाराने दरवर्षी 1 जुलैपर्यंत पाण्याच्या दर्जाचा वार्षिक अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो. त्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. पानभर आकड्यांना घाबरू नका. आधी पाणी नदीचे, सरोवराचे की भूजलाचे ते बघा. मग नियमभंगाच्या रकान्यात कुठे 'होय' आहे का ते. मग हे मोजके आकडे: नायट्रेटची मर्यादा 10 पीपीएम, आर्सेनिकची 10 पीपीबी, क्लोरिनमुळे तयार होणाऱ्या ट्रायहॅलोमिथेनची 80 पीपीबी. पीफॅस या चिवट रसायनांपैकी पीएफओए आणि पीएफओएस यांना 2024 मध्ये प्रत्येकी 4 पीपीटी, म्हणजे सहस्र अब्जात 4 भाग, अशी मर्यादा घातली गेली. ती गाठायला पुरवठादारांना काही वर्षांची मुदत आहे, त्यामुळे आज तुमच्या गावाचा आकडा त्याहून जास्त असू शकतो.

शिशाचा आकडा वाचताना मात्र फसगत होते. तो सगळ्या गावाचा सरासरी आकडा नसतो. निवडक घरांचे नमुने घेऊन आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि नव्वद टक्के घरे ज्या आकड्यापर्यंत येतात तो आकडा छापतात. म्हणजे अहवालात 6 पीपीबी दिसले तरी वरच्या दहा टक्क्यांतल्या एखाद्या घरात 40 असू शकते. तुमचे घर बहुधा तपासलेलेच नसते. शिवाय 15 ही आरोग्याची मर्यादा नाही, पुरवठादाराने कधी हालचाल करायची त्याची रेघ आहे. 2024 च्या नियमाने ती 10 वर आणली, अंमल 2027 पासून ठरला. आरोग्याचे उद्दिष्ट शून्यच आहे.

दुसरे काम: नळ डोळ्यांनी बघा

ऑक्टोबर 2024 पर्यंत प्रत्येक पुरवठादाराने आपल्या सर्व्हिस लाइनची, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपांची, यादी तयार करायची होती. बऱ्याच ठिकाणी पत्ता टाकला की पाइप कशाचा ते दिसते. 'माहीत नाही' असे लिहिलेले असेल तर ते चांगले लक्षण समजू नका, स्वतः बघा.

बेसमेंटमध्ये जा. समोरच्या भिंतीतून किंवा फरशीतून पाण्याचा पाइप आत येतो आणि मीटरकडे जातो. भिंत आणि मीटर यांमधला तो तुकडा महत्त्वाचा. एक नाणे आणि फ्रिजवरचे एक लोहचुंबक बरोबर घ्या. पाइपावर रंग असेल तर तो थोडा काढा आणि नाण्याने हलके खरवडा. राखाडी पाइप खरवडल्यावर चांदीसारखा चकाकला, नाणे सहज रुतले आणि चुंबक चिकटले नाही तर ते शिसे. अशा पाइपाला जोडाजवळ बहुधा फुगीर गाठ असते. खरवडल्यावर तांबूस दिसले तर तांबे. चुंबक घट्ट चिकटले तर जीआय पाइप. जीआय पाइप म्हणून लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. पाणी येण्याच्या वाटेवर त्याच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला कधीकाळी शिशाचा पाइप असेल, तर आतल्या गंजात ते शिसे वर्षानुवर्षे साठून राहते आणि मधूनमधून कणांच्या रूपाने सुटते. हाताळणी झाल्यावर हात साबणाने धुवा.

मोठ्या अपार्टमेंट इमारतीत राहत असाल तर शिशाच्या सर्व्हिस लाइनची शक्यता कमी, कारण शिशाचे पाइप सहसा दोन इंचांपर्यंतच वापरत आणि मोठ्या इमारतीला त्याहून जाड पाइप लागतो. पण आतले जोड आणि तोट्या राहतातच. शिसे असलेल्या सोल्डरवर बंदी 1986 ची. पितळी तोट्यांत मात्र 2014 पर्यंत 8 टक्के शिसे चालत होते आणि त्याच तोट्यांवर 'लेड फ्री' लिहिलेले असे. जानेवारी 2014 पासून ती मर्यादा 0.25 टक्के झाली.

तिसरे काम: बाटली नीट भरा

तपासणी राज्याने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच करा. हार्डवेअरच्या दुकानातल्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर शिशासाठी विसंबू नये. बरेच पुरवठादार फुकट बाटली देतात, आधी त्यांना विचारा. पदरचे पैसे घालायचे तर साधारण 20 ते 100 डॉलर लागतात.

चुका होतात त्या नमुना घेताना. पाणी नळात किमान सहा तास तसेच थांबलेले हवे, म्हणून रात्री झोपताना शेवटचा वापर करा आणि सकाळी उठल्याबरोबर, फ्लशही न करता, नमुना घ्या. थंड पाण्याचा नळ. तोटीच्या टोकाची जाळी काढू नका, कारण रोज पिता ते पाणी त्या जाळीतूनच येते. आदल्या रात्री नळ भरपूर वाहवून 'स्वच्छ' करू नका, आकडा खोटा कमी येईल. बाटली रुंद तोंडाची असावी आणि नळ नेहमीसारखा पूर्ण उघडावा. बारीक धार सोडली तर कण सुटत नाहीत.

एका बाटलीने भागत नाही, हे आमचे ठाम मत. अर्धा इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे पाव लिटरच्या निम्मे पाणी मावते. पाण्याच्या मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा मीटर लांबीचा पाइप धरला तर घरातल्या नळात जवळपास दोन लिटर पाणी असते. म्हणजे पहिला लिटर तोटीचे आणि जवळच्या जोडांचे पाणी सांगतो, रस्त्याकडच्या पाइपात रात्रभर मुरलेले पाणी येते ते चौथ्या-पाचव्या लिटरला. म्हणून नळ बंद न करता ओळीने पाच एक-लिटरच्या बाटल्या भरा, त्यांवर क्रमांक घाला आणि पहिली व पाचवी तपासायला द्या. पहिलीत जास्त आणि पाचवीत कमी आले तर दोष तोटीचा, नवी तोटी बसवून काम भागेल. पाचवीत जास्त आले तर पाइपच बदलावा लागेल.

निकाल येईपर्यंत

पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त थंड नळाचे पाणी घ्या. भात लवकर शिजावा म्हणून गरम नळाखाली पातेले धरायची सवय इथे फार लवकर लागते. गरम पाणी शिसे जास्त विरघळवते, आणि हीटरच्या तळाशी गाळही साठलेला असतो.

सकाळी नळ वाहू द्या. शिशाची सर्व्हिस लाइन असेल तर पाच मिनिटे. पाऊण इंची वीस मीटर पाइपात साडेपाच-सहा लिटर पाणी मावते आणि स्वयंपाकघरातली तोटी मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर देते, त्यामुळे मिनिटभरात फक्त रात्रीचे पाणी बाहेर पडते. रस्त्याखालचे ताजे पाणी यायला त्याहून वेळ द्यावा लागतो. कुणाची आंघोळ किंवा वॉशिंग मशीन आधी होऊन गेले असेल तर मोठा पाइप धुतला गेलेलाच असतो, मग स्वयंपाकघरात एखादे मिनिट पुरते.

तोटीची जाळी महिन्यातून एकदा फिरवून काढा आणि पालथी करून धुवा. त्यात राखाडी, चमकणारे कण दिसले तर ते सोल्डरचे असू शकतात. जाळीत अडकलेल्या एकाच कणामुळे दिवसेंदिवस पाण्यात शिसे उतरत राहते.

फिल्टर घेताना

खोक्यावर 'शुद्ध पाणी' लिहिलेले वाचू नका, एनएसएफ या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मानकाचा क्रमांक वाचा. 42 म्हणजे फक्त चव आणि क्लोरिनचा वास. 53 म्हणजे आरोग्याशी संबंधित घटक, पण कोणता घटक ते पुढे लिहिलेले असते. तिथे 'लेड' हा शब्द हवाच, पीफॅस हवे असेल तर तेही नावानिशी हवे. 58 हा आरओसाठी. दुकानात सर्वात स्वस्त मिळणाऱ्या, पाण्याच्या जगमध्ये (पिचरमध्ये) बसवायच्या कार्ट्रिजवर बहुधा 42 असतो आणि शिशाचा दावा नसतो.

दुसरी गोष्ट क्षमतेची. 40 गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची कार्ट्रिज दोन महिने चालते असे खोक्यावर लिहितात. ते थोडेसे पाणी पिणाऱ्या घराचे गणित आहे. आपल्या घरात चहा, वरण, भात, कणीक, पिणे मिळून चार माणसांना दिवसाला दहा लिटर सहज लागते. मग तीच कार्ट्रिज पंधरा दिवसांत संपते. बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा. गरम पाणी फिल्टरमधून कधीही घालू नका.

आरओ शिसे, नायट्रेट, आर्सेनिक, पीफॅस सगळ्यांवर चालतो, पण पाणी बरेच वाया घालवतो. नुसत्या शिशासाठी 53 क्रमांकाचा, नळाला लावायचा फिल्टर पुरतो. शिशाचा संशय असलेल्या घरात बाळाला पावडरचे दूध देत असाल, तर फिल्टर त्याच दिवशी आणा, निकालाची वाट पाहू नका. बाळ पूर्णपणे त्या पाण्यावरच असते.

मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी बालरोगतज्ज्ञाकडे करून घ्या, न्यू जर्सीत ती पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास करणे कायद्याने सांगितलेले आहे. सध्याचा संदर्भ आकडा डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम. आकडा जास्त आला आणि पाणी स्वच्छ निघाले, तर घरातले शेंदूर, काजळ आणि गावाकडून आणलेली सुटी हळद तपासा. हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे खरी आहेत.

पाइप बदलायची वेळ आली तर

रस्त्याच्या बाजूचा तुकडा बदलून घराकडचा शिशाचा तसाच ठेवणे हे अर्धे काम घातक. कापताना आतली कल्हई हादरते, आणि तांबे-शिसे जोडले की शिसे आणखी झिजते. त्यामुळे काही महिने आकडा वाढतो. पूर्ण लाइनच बदलून घ्या. न्यू जर्सीने 2021 च्या कायद्याने दहा वर्षांत सर्व शिशाच्या लाइन काढायचे ठरवले आहे, त्यामुळे खर्च कोण करणार ते आधी पुरवठादाराला विचारा. काम झाल्यावर सगळ्या तोट्यांच्या जाळ्या काढून थंड नळ अर्धा तास पूर्ण सोडा, जाळ्या धुऊन बसवा आणि पुढचे सहा महिने फिल्टर चालू ठेवा.

फोनवर पाण्याची सूचना आली तर शब्द नीट वाचा

तीन प्रकारच्या सूचना असतात आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

'उकळून प्या' ही सूचना जंतूंची. मोठा पाइप फुटला, दाब गेला की ती येते. पाणी खळखळा उकळल्यावर एक मिनिट, 6,500 फुटांहून उंच गावात तीन मिनिटे. दात घासायला, बर्फाला, भाज्या धुवायलाही तेच पाणी. पिचरमधला फिल्टर जंतू थांबवत नाही. क्लोरिनही सगळ्यांना मारत नाही: 1993 मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पाण्यात शिरला आणि सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. उकळल्यावर मात्र तो मरतो. वीज-गॅस दोन्ही नसेल तर 6 टक्क्यांच्या बिनवासाच्या ब्लीचचे गॅलनला 8 थेंब, 8.25 टक्क्यांचे असेल तर 6 थेंब, आणि अर्धा तास थांबा.

'पिऊ नका' म्हटले असेल तर उकळूही नका. ऑगस्ट 2014 मध्ये टोलिडोत एरी सरोवरातल्या शेवाळाचे विष पाण्यात आले होते. उकळल्याने ते दाट होते.

'वापरू नका' म्हणजे आंघोळही नाही. जानेवारी 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीत रसायनाची टाकी गळली तेव्हा सुमारे तीन लाख लोकांना फक्त फ्लशसाठी पाणी वापरायची मुभा होती.

सूचना उठल्यावर सगळे थंड नळ सोडा, फ्रिजमधला बर्फ टाकून द्या, कार्ट्रिज बदला.

स्वतःची बोअर असेल तर

खासगी बोअरला केंद्रीय कायदा लागू नाही, तपासणारा मालक तुम्हीच. दरवर्षी कोलिफॉर्म जंतू, नायट्रेट, पीएच आणि टीडीएस तपासा. आर्सेनिक आणि पीफॅस एकदा तरी. नायट्रेट जास्त असलेले पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नका, उकळून तर नाहीच. घर विकत घेताना न्यू जर्सीत 2002 पासून बोअरची तपासणी सक्तीची आहे, तो अहवाल मागून घ्या.

रंग आणि वास

पेल्यात पाणी दुधाळ दिसले आणि तळापासून स्वच्छ होत गेले तर ती नुसती हवा. तांबूस पाणी बहुधा रस्त्यावरचे हायड्रंट सोडल्याने येते, स्वच्छ होईपर्यंत थंड नळ सोडा आणि पांढरे कपडे मशीनला लावू नका. बेसिनवर हिरवट-निळे डाग म्हणजे तांबे विरघळते आहे. पाणी आक्रमक आहे असा त्याचा अर्थ, शिशाची तपासणी लगेच करा. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम नळाला असेल तर हीटरमधला मॅग्नेशियमचा दांडा बघावा लागेल.

महिनाभर भारतात जाऊन आल्यावर

घर बंद असताना क्लोरिन उडून जातो आणि साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो. 25 ते 45 अंश सेल्सिअस त्याला मानवते. तो पिण्याने कमी, शॉवरच्या तुषारांतून श्वासात गेल्याने जास्त बाधतो. म्हणून सामान ठेवले की लगेच आंघोळीला जाऊ नका. आधी सगळे थंड नळ पाच मिनिटे सोडा, स्वयंपाकघरातल्यापासून सुरुवात करा. मग गरम नळ पूर्ण गरम पाणी येईपर्यंत. शॉवरचे तोंड काढून किंवा बादलीत बुडवून वाहवा, तुषार उडू देऊ नका, आणि बाथरूमचे दार लावून बाहेर थांबा. हीटर जाताना कमी केला असेल तर 120 अंश फॅरनहाइटवर आणून टाकीतले सगळे पाणी एकदा तापू द्या. बर्फाचे पहिले दोन घाणे फेकून द्या, फिल्टरची कार्ट्रिज नवी घाला, आणि तिच्यावर आजची तारीख लिहा.